आब्राहामाचे एशेल



रोश हशानाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये आपण बेरेशीतचा २१ वा अध्याय ऐकतो. त्याच्या शेवटी आब्राहाम आविनू बैर-शेबा येथे एशेल लावतात व परमेश्वराच्या नावाने प्रार्थना करतात. एशेल म्हणजे झाऊ. दिसायला ते अलिबागच्या किनाऱ्यावरील सुरूसारखे, पण कूळ अगदी वेगळे. (आम्ही कित्येक वर्षे वर्गात ते सुरूच म्हणून शिकविले!) तल्मूदातील एक हाखाम त्याचा अर्थ फळबाग असा करतात, तर दुसरे वाटसरूंची धर्मशाळा असा.

अरबीत याच झाडाला 'अथल' म्हणतात. शब्द मुळात एकच. सौदी अरेबियाच्या पूर्वेस अल-अहसा हे खजुरीचे प्रचंड मरूद्यान आहे. वाऱ्याने सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या तेथील शेते व गावे गिळू लागल्या, तेव्हा १९६२ पासून मुख्यतः अथलच्या रांगा लावून त्या थोपविण्यात आल्या. हे झाड खाऱ्या जमिनीत जगते आणि शोषलेले मीठ पानांतून बाहेर टाकते.

परंतु तेच मीठ खाली साचून इतर रोपांना जड जाते. ऑस्ट्रेलियात १९७४ च्या पुरानंतर अथल फिंके नदीकाठी बेसुमार पसरले. अमेरिकेत याच कुळातील गुलाबी फुलांची झुडपे एकोणिसाव्या शतकात बागेच्या शोभेसाठी आणली गेली. ती नैर्ऋत्येकडील नद्यांकाठी माजली. एक झाड दिवसाला २०० गॅलन पाणी पिते, असे तेथे वर्षानुवर्षे सांगितले जाई. पुढे संशोधकांनी नीट मोजले, तेव्हा ते तेथल्या मूळच्या नदीकाठच्या झाडांहून फारसे अधिक पीत नाही असे आढळले. आरोप मात्र आधीच घरोघर पोहोचला होता.

त्याच १९६२ साली आपल्या मुलामुलींच्या विवाहापूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचा नियम निघाला होता, हे आम्ही विसरलेलो नाही. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतीत यहुदी आहोत असे जाहीर केले. म्हणून कोणी नवख्याविषयी आकडा सांगू लागला, की तो कोणी मोजला हे आम्ही आधी विचारतो. फिंकेकाठचे नुकसानही मोजूनच मानतो.

नातवंडांना घेऊन नेगेवमध्ये जाल, तेव्हा एशेलची एक डहाळी जिभेला लावून पाहा. खारट लागते.