क्षमा कुणी मागायची?

मार्गळी महिना लागला की चेन्नईत अभंगांना पूर येतो. मैलापूरच्या सभांमध्ये मैफिलीच्या शेवटाकडे एखादा अभंग आला नाही, तर रसिकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. मराठीचं अक्षर न कळणारी माणसं विठ्ठलाच्या नावावर डोळे पुसताना मी पाहिली आहेत आणि इथं राहणारा मराठी माणूस म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. म्हणूनच याच अभंगांना जोडून अलीकडे जे निरूपण ऐकू येतं, त्याने जीव कासावीस होतो. कुणी तुमचं कितीही वाईट केलेलं असो, आजच्या आज त्याला क्षमा करून टाका, असं सांगितलं जातं. त्याच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. राग धरलात तर रक्तदाब तुमचाच वाढणार. मग एकनाथांच्या अंगावर थुंकणाऱ्याची गोष्ट येते, आणि समोरच्या बायका खाली मान घालून ऐकतात.

त्यातल्या एका बाईंची हकिकत मला माहीत आहे. सौकारपेठेत सोनं-चांदी गाळणाऱ्या मराठी गलाईवाल्यांची जी घरं आहेत, त्यांतलं एक त्यांचं. मूळ गाव विट्याकडे. वडील गेल्यावर भावांनी बँकेच्या कर्जाचा कागद म्हणून सही घेतली. ते हक्कसोडपत्र होतं हे त्यांना मागाहून, सातबाऱ्यावरचं आपलं नाव गेल्यावर समजलं. आता थोरल्या भावाच्या घरी लग्न आहे आणि सगळं गणगोत या बाईंच्या मागे लागलं आहे: झालं गेलं विसरा, मन मोठं करा, देवाधर्माचं एवढं करता मग एवढं जमत नाही का? भावाला मात्र कुणी काही विचारत नाही. ज्याने केलं तो एक पाऊल हललेला नाही आणि जिला लुबाडलं तिच्या मनाची मशागत सगळे मिळून करताहेत. याला क्षमा म्हणणं मला मान्य नाही, आणि याच्या पाठीशी संतांना उभं करणं तर मुळीच नाही.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी आणि युधिष्ठिर यांच्यात क्षमेवरून जी बोलाचाली होते, तिच्यातली युधिष्ठिराची बाजू आपण उचलली. क्षमेचं माहात्म्य सांगणारी ती वचनं कीर्तनकारांना तोंडपाठ असतात. द्रौपदीची बाजू मागे पडली. प्रल्हादाने आपला नातू बळी याला काय सांगितलं, ते ती युधिष्ठिराला ऐकवते: नेहमी क्षमा चांगली नाही आणि नेहमी कठोरपणाही चांगला नाही. ज्याने पूर्वी उपकार केले, जो अजाणता चुकला, ज्याचा पहिलाच अपराध आहे, त्याला क्षमा करावी. जाणूनबुजून करून वर ‘मला कळलंच नाही’ म्हणणाऱ्याला करू नये. आणि हे बोलणं चाललं आहे कुणाकुणात? जिची भरसभेत विटंबना झाली ती एकीकडे, आणि ज्याने तिला पणाला लावलं तो नवरा दुसरीकडे. भोगलं तिने, आणि क्षमेची थोरवी सांगतो आहे तो.

धर्मशास्त्रकारांनी हा प्रश्न पुढे प्रायश्चित्ताच्या वाटेने नेला. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली आला. त्यात पापक्षालनाची साधनं एकामागून एक मांडली आहेत. पापाची कबुली, अनुताप, जप, दान, उपवास, तीर्थयात्रा. कबुली आणि अनुताप त्या यादीत होतेच, पण व्यवहारात निकाल देणार कोण, तर ब्राह्मणांची सभा. कोणत्या पापाला काय द्यायचं आणि कुणाला पुन्हा पंक्तीला घ्यायचं हे तिच्या हातात. ज्याचं नुकसान झालं तो माणूस या व्यवस्थेत जवळजवळ दिसतच नाही. अपराधी आणि सभा, एवढ्यात हिशेब मिटायचा. ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं, ही परंपरेतली कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांनी कुणाचं काय बिघडवलं होतं, हे त्या सभेने विचारलं नव्हतं.

इथून संतांकडे येताना जवळजवळ प्रत्येक जण चुकतो असं माझं मत आहे, म्हणून इथं जरा थांबतो. सरसकट समज असा की संतांनी प्रायश्चित्ताचं ओझं काढून टाकलं, नाम घ्या म्हणाले, सर्वांना सर्व काही माफ करा म्हणाले. यातलं पहिलं अर्धं खरं आहे. दुसऱ्या अर्ध्याला आधार नाही, आणि हे पाहायला एकनाथांचंच चरित्र पुरेसं आहे.

महिपतीने सांगितलेल्या एका कथेत एक ब्रह्महत्यारा पैठणला एकनाथांकडे येतो. पश्चात्तापाने पोळलेला. एकनाथ त्याच्याकडून नाम घेववतात आणि त्याला शुद्ध झालेला मानून जवळ करतात. गावातले ब्राह्मण खवळतात: आमच्या निर्णयाशिवाय हा शुद्ध कसा झाला? मग पुराव्यासाठी दगडाचा नंदी त्याच्या हातून कडबा खातो. चमत्कार बाजूला ठेवा. गोष्टीतला वाद नीट पाहिला तर तो पाप क्षम्य आहे की नाही याचा नाहीच, निकाल देण्याचा हक्क कुणाचा याचा आहे. आणि एकनाथांनी कुणाला जवळ केलं, तर जो स्वतःहून आपलं पाप घेऊन आला त्याला. तो न येता घरी बसून राहिला असता आणि एकनाथ पैठणभर ‘त्याला माफ करा’ म्हणत फिरले असते, अशी गोष्ट कुणी रचली नाही, कारण तिला काही अर्थच राहिला नसता.

आता श्राद्धाची गोष्ट. स्वयंपाकाचा वास येऊन भुकेलेलं अंत्यज कुटुंब दाराशी रेंगाळलं आणि एकनाथांनी पितरांसाठी रांधलेलं अन्न त्यांना वाढलं. ब्राह्मणांनी जेवायला नकार दिला, तेव्हा पितरच पानावर येऊन बसले. हीच कथा, जवळजवळ जशीच्या तशी, कावेरीकाठी सांगतात. कुंभकोणम्‌जवळ तिरुविसनल्लूर नावाचं गाव आहे. तंजावरच्या शहाजीराजांनी १६९३ साली विद्वानांना अग्रहार म्हणून ते दिलं. शहाजीराजपुरम हे त्याचं दुसरं नाव. तिथं श्रीधर अय्यावाळ राहत. वडिलांच्या श्राद्धाचं अन्न त्यांनी एका भुकेल्या अस्पृश्याला दिलं. गावाने प्रायश्चित्त सांगितलं: गंगेत स्नान करून ये, मगच श्राद्धाला येऊ. दिवस मावळायच्या आत काशीला जाऊन यायचं कसं? अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली आणि घरामागच्या विहिरीतून गंगा उसळली, अंगणातून गल्लीत आली. घरात पाणी शिरायला लागलं तेव्हा गावकरी हात जोडून आले. मग अय्यावाळांनी गंगेला विहिरीतच राहायची विनंती केली.

दक्षिणेच्या भजन परंपरेत बोधेंद्र आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी यांच्याबरोबर अय्यावाळांचं नाव घेतलं जातं. तोडयमंगळम्‌ने सुरू होऊन अभंगांपर्यंत येणारी चेन्नईतली भजनं याच परंपरेची. कार्तिक अमावस्येला त्या विहिरीवर आजही रांगा लागतात. उजाडायच्या आधीपासून लोक उभे असतात, माथ्यावर बादलीभर पाणी ओतून घेतात आणि ओल्या कपड्यांनी पुढे सरकतात. त्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कार आहे. फक्त एवढं लक्षात आणून द्यावंसं वाटतं की पाप धुण्यासाठी ज्या विहिरीवर आपण जातो, तिच्या गोष्टीत स्नान करायला सांगितलेल्या माणसाने पाप केलेलंच नव्हतं. चुकले होते ते प्रायश्चित्त सांगणारे. आणि गोष्ट संपते ती ते हात जोडतात तेव्हा. अय्यावाळांनी मन मोठं केलं तेव्हा नव्हे.

आता त्या थुंकणाऱ्याकडे वळू. एकनाथ गोदावरीत स्नान करून येतात, तो थुंकतो, ते पुन्हा स्नानाला जातात. दिवसभर हे चालतं. सभागृहात गोष्ट इथं थांबवली जाते. परंपरेत ती थांबत नाही, शेवटी तो माणूस नाथांच्या पायांवर पडतो. पण माझा मुद्दा त्याच्याही पलीकडचा आहे. एकनाथांनी सोसलं ते स्वतःच्या अंगावरचं. दाराशी आलेल्या भुकेल्यांचा अपमान होत होता तेव्हा ‘सोसा, मन मोठं करा’ असं त्यांना सांगून नाथांनी दार लावून घेतलं नाही. रूढी मोडली आणि गावाचा बहिष्कार ओढवून घेतला. स्वतःवर झालेला अपराध पोटात घालायचा आणि दुसऱ्यावर होणाऱ्या अपराधाच्या आड उभं राहायचं, ही एकाच माणसाची दोन वागणी आहेत. आपण पहिलं वागणं उचललं आणि तेही उलटं करून वापरलं: सोसणार दुसऱ्याने, थोरवी सांगणार आपण. क्षमेचा अधिकार संतांनी सभेकडून काढून माणसाकडे दिला होता. आज घरातली वडीलधारी, भाऊबंद आणि व्यासपीठावरचे वक्ते मिळून तीच सभा पुन्हा भरवत आहेत.

एकोणिसाव्या शतकाबद्दल वाचकांना नव्याने सांगण्यासारखं थोडंच आहे. मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाज निघाला, त्याआधी १८६४ साली मद्रासेत वेद समाज. अनुताप आणि प्रार्थना यांना उपासनेत मानाची जागा मिळाली. तंजावरच्या मराठी घराण्यातले दिवाणबहादूर रघुनाथराव यांनी मद्रासेत विधवाविवाहाची बाजू शास्त्रांच्या आधारे लढवली आणि रानड्यांची सामाजिक परिषद १८८७ साली पहिल्यांदा भरली ती याच शहरात. पण त्याच रानड्यांवर १८९२ साली काय वेळ आली? १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ते चहाला गेले होते. नावं छापली गेली, ग्रामण्य उठलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, आणि अखेर रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. स्नेह्यांच्या घरांची कोंडी होत होती. रमाबाईंच्या आठवणी वाचल्या की नवऱ्याच्या त्या निर्णयाचं त्यांना झालेलं दुःख लपत नाही. रानडे कच्चे पडले, असा आरोप तेव्हापासून होतो आहे. मला त्यात दिसतं ते वेगळंच. ज्याला पाप वाटलं नाही त्याच्याकडून प्रायश्चित्त काढून घेतलं गेलं, का, तर घराघरांत शांतता नांदावी म्हणून. सौकारपेठेतल्या त्या बाईंकडून आज क्षमा काढून घेतली जाते आहे ती याच शांततेसाठी. अनुताप तेव्हा नव्हता, आताही नाही.

मनाच्या आरोग्यासाठी क्षमा, हा विचार गेल्या तीस-चाळीस वर्षांत अमेरिकेतून पसरला आणि स्वतःला घडवण्याच्या पुस्तकांतून इथं आला. त्याच्या मूळ अभ्यासकांवर मी दोष ठेवत नाही. त्यांतले रॉबर्ट एनराइट क्षमा आणि समेट यांत स्पष्ट फरक करतात: क्षमा केली म्हणून अपराध योग्य ठरत नाही, आणि त्या माणसाशी पुन्हा संबंध ठेवलाच पाहिजे असंही नाही. हा फरक वाटेत कुठे तरी गळून पडला आणि उरला तो आदेश.

क्षमा कोण करू शकतो, हा प्रश्न चेन्नईच्या वेशीवर फार जड होऊन उभा आहे. श्रीपेरुंबुदूर इथून चाळीस किलोमीटरवर. तिथं झालेल्या राजीव गांधी यांच्या हत्येत नलिनीला फाशीची शिक्षा झाली होती. तिला दया दाखवावी असं सोनिया गांधींनी कळवलं आणि २००० साली शिक्षा जन्मठेपेवर आली. २००८ च्या मार्चमध्ये प्रियांका वेल्लोरच्या तुरुंगात जाऊन तिला भेटल्या. मुलीने बापासाठी घेतलेला तो निर्णय होता आणि तो तिचाच होता. त्यापुढे मी नतमस्तक आहे. पण २१ मे १९९१ च्या त्या रात्री इतरही माणसं मेली, पोलीस होते, कार्यकर्ते होते. २०२२ च्या नोव्हेंबरात उरलेले दोषी सुटले तेव्हा जखमी झालेल्यांपैकी आणि आप्त गमावलेल्यांपैकी काहींनी उघड विरोध केला. एका घराने दिलेली क्षमा दुसऱ्या घराच्या नावावर जमा करता येत नाही. विरोध करणाऱ्यांना कोत्या मनाचं म्हणणं मला पाप वाटतं.

मग घरात क्षमा होतच नाही का? होते, आणि मराठीत तिचा सर्वात सच्चा दाखला माझ्या मते लक्ष्मीबाई टिळकांचा आहे. १८९५ साली ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न सांगता. काही वर्षं दोघं दुरावली. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला गेल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक. टिळकांनी ते मान्य केलं, धर्म बदलण्याची जबरदस्ती केली नाही. सोवळं पुढे लक्ष्मीबाईंनी सोडलं ते स्वतः विचार करून, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आणि मग बाप्तिस्माही घेतला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलं तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्या पुस्तकात टिळकांचा संताप आहे, न सांगता घर सोडून जाणं आहे, पैशांची उधळण आहे, आणि शेजारच्याच पानावर त्यांच्यावरची अपार माया आहे. एकही गोष्ट झाकली नाही. विसरून जा, असं त्यांना सांगणाऱ्यांची त्या काळात वाण नसणार. त्यांनी सगळं आठवलं, लिहिलं आणि छापायला दिलं.