एका शरीराचं पुस्तक

खेळ पुस्तकातून शिकता येत नाही, हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलेलं आहे की त्यावर कुणी वाद घालत नाही. पोहायचं तर पाण्यात उतरावं, कुस्ती शिकायची तर वस्तादापुढे उभं राहावं. या म्हणण्यात तथ्य आहेच, पण ते सरसकट लागू करताना खेळाखेळांतला एक भेद नजरेआड होतो. कुस्तीत समोरचा माणूस हलतो, डाव उलटवतो. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो. गोल्फचा चेंडू मात्र जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो आणि खेळाडूने मनात आणल्याशिवाय काहीच घडत नाही. मग मागे नेलेला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, खाली यायला लागतो, तो साधारण पाव सेकंदात चेंडूपर्यंत पोचतो. क्लब आणि चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर अर्धा मिलिसेकंदच टिकतो. एवढ्या अवधीत डोळ्यांनी पाहून हात सुधारणं माणसाच्या आवाक्यात नाही. म्हणून फटक्याचं बरंचसं भवितव्य क्लब हलण्याआधीच ठरलेलं असतं: पकड, पायांची जागा, पाठीचा कोन, चेंडूपासूनचं अंतर. या स्थिर गोष्टी आहेत. त्या शब्दांत सांगता येतात, चित्रात दाखवता येतात आणि वाचणाऱ्याला घरी आरशासमोर पडताळून पाहता येतात.

अमेरिकन गोल्फपटू बेन होगनचं ‘फाइव्ह लेसन्स’ मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. 1957 साली ते आधी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकात पाच भागांत आलं आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघालं. मजकूर होगनने हर्बर्ट वॉरन विंड या लेखकासोबत सिद्ध केला, चित्रं अँथनी रॅव्हिएली यांची. पाच धड्यांपैकी पहिला अख्खा पकडीवर आहे, दुसरा उभं राहण्यावर. तिसऱ्या धड्यापर्यंत क्लब हलतच नाही. अधीर वाचकाला हे जाचक वाटतं, पण वर सांगितलेला पाव सेकंदाचा हिशेब लक्षात घेतला की या क्रमामागचा विचार पटतो. क्लबची मूठ डाव्या तळव्याच्या मांसल भागाखाली दाबलेली आणि तर्जनीवर आडवी टेकलेली असावी, उजव्या हाताने ती बोटांत धरावी, तळव्यात घेऊ नये, जोर डाव्या हाताच्या शेवटच्या तीन आणि उजव्याच्या मधल्या दोन बोटांत असावा, इतक्या बारकाईने होगन सांगतो. रॅव्हिएलींनी पूर्वी शरीररचनेची चित्रं काढली होती आणि ते इथे जाणवतं. कुठला स्नायू ताणलाय, कोपर कुठे वळलंय, हे छायाचित्रात कपड्यांच्या चुण्यांमध्ये हरवतं. या रेखाटनांत ते उघडं दिसतं. चेंडूपासून खांद्यांपर्यंत तिरपी टेकलेली काच, तिला पडलेल्या भोकातून बाहेर आलेलं खेळाडूचं डोकं आणि काच न फोडता तिच्याखालून मागे जाणारे हात, हे चित्र एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

तरीही हे पुस्तक वेदवाक्य मानून गिरवलं, तर अनेकांचा खेळ बिघडतो. याचं कारण होगनच्या आयुष्यात आहे. 1912 साली टेक्सासमध्ये जन्मलेला, लोहाराचा हा मुलगा. तो नऊ वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. फोर्टवर्थच्या ग्लेन गार्डन क्लबवर तो कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारा पोऱ्या, म्हणून खेळ शिकला. पुढे व्यावसायिक झाल्यावर वर्षानुवर्षं त्याला एका दोषाने छळलं. उजव्या हाताने खेळणाऱ्या होगनचा चेंडू शेवटी झपकन डावीकडे वळून खाली जाई. याला हुक म्हणतात. मोठ्या दौऱ्यावर एकट्याच्या नावावर पहिला विजय लागायला त्याला 1940 साल उजाडलं. हुक घालवण्यासाठी त्याने पकड बदलली, डावा हात मुठीवर डावीकडे सरकवला आणि फटक्याच्या क्षणी क्लबचं तोंड मिटू नये याची तजवीज केली. फेब्रुवारी 1949 मध्ये समोरून येणाऱ्या बसच्या धडकेत त्याचं शरीर मोडलं, तरी 1950 ची यूएस ओपन त्याने जिंकली आणि 1953 साली मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन अशा तिन्ही स्पर्धा. 1957 चं पुस्तक या झगड्यातून उतरलं आहे. त्यातली पकड हा हुकवरचा उतारा आहे. नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांचा रोग मात्र नेमका उलटा असतो. त्यांचा चेंडू उजवीकडे पळतो, म्हणजे स्लाइस होतो. क्लबचं तोंड आधीच उघडं राहणाऱ्या माणसाने ते उघडं ठेवणारी पकड घेतली, तर चेंडू आणखी उजवीकडे जाणार.

सुरतेत राहून हा विचार करताना एक दुसरं पुस्तक टाळता येत नाही. सुरत हे गोल्फचं गाव नाही. ते माग आणि हिऱ्यांचं शहर आहे. लिंबायत-उधन्याकडे खानदेशातून आलेल्या मराठी माणसांची मोठी वस्ती आहे, तर वराछा-कतारगामकडे हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या घंट्या फिरत असतात. जगातल्या बहुतांश हिऱ्यांना पैलू याच शहरात पडतात. हे काम कारागीर जाणत्याच्या शेजारी बसून शिकतो, पुस्तक उघडून नाही. पण गोल हिऱ्याला कोणत्या कोनात घासलं की प्रकाश सर्वाधिक परत येतो, याचा पायाभूत हिशेब 1919 साली एका पुस्तकाने मांडला. मार्सेल टोल्कोव्स्की हा हिऱ्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला अभियंता. ‘डायमंड डिझाइन’मध्ये त्याने खालच्या भागाला 40.75 अंश, वरच्या भागाला 34.5 अंश आणि वरच्या सपाट पैलूला हिऱ्याच्या रुंदीच्या 53 टक्के असं माप दिलं. आज बाजारात उत्तम ठरलेले हिरे या आकड्यांपासून थोडे सरकलेले असतात. टोल्कोव्स्कीचा हिशेब चुकला म्हणून तसं झालेलं नाही. त्याने किरणांचा मार्ग दोन मितींत मोजला होता आणि हिऱ्याची कड सुरीच्या धारेसारखी बारीक धरली होती. ही गृहीतकं ठाऊक असलेल्या माणसाला आकड्यांत कुठे मोकळीक घ्यायची ते कळतं. होगनच्या पुस्तकाचंही तसंच आहे. त्याचं गृहीतक म्हणजे होगनचं स्वतःचं शरीर: लवचीक, घडीव, कसलेलं आणि डावीकडे ओढणारं.

यावर आक्षेप घेता येईल की मग मूलभूत तत्त्वं असं काही उरतच नाही, ज्याचं त्याने पाहावं. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा भारतीय वंशाचा कॅडी सेवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम याच्याकडे बोट दाखवून कुणी तसं म्हणूही शकेल. त्याची पकड होगनच्या पहिल्या धड्याच्या थेट विरुद्ध होती. उजव्या हाताने खेळताना सगळे उजवा हात खाली धरतात. सेवगोलम डावा हात खाली धरत असे. त्या पकडीने त्याने 1959, 1960 आणि 1964 साली डच ओपन जिंकली. 1963 मध्ये त्याने नाताळ प्रांतातली नाताळ ओपन जिंकली, तेव्हा वर्णभेदाच्या नियमांमुळे त्याला क्लबच्या इमारतीत प्रवेश मिळाला नाही. चषक त्याने बाहेर, भर पावसात स्वीकारला. हे आठवलं की आजही संताप येतो.

पण सेवगोलमच्या उदाहरणावरून तत्त्वं नसतात असं सिद्ध होत नाही. त्याच्या पकडीतही दोन्ही हात एकत्र काम करत होते आणि फटक्याच्या क्षणी क्लबचं तोंड दर वेळी जवळपास एकाच कोनात येत होतं. होगनचा आग्रहही अखेर याचाच आहे: पुन्हापुन्हा तसाच होणारा स्विंग. बोटं कुठे ठेवायची, हा तिथे पोचण्याचा त्याचा मार्ग. साध्य आणि मार्ग यांत वाचकाने फरक करायचा असतो. तसा फरक करण्याची सवय आपण कीर्तनापासून कायद्यापर्यंत सगळीकडे लावून घेतो, मग खेळाच्या पुस्तकापाशीच ती का सोडावी?

शरीराचं ज्ञान कागदावर उतरवण्याचा एक मोठा मराठी प्रयत्न याच गुजरातेत, बडोद्यात झाला आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 1936 ते 1949 या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. आखाड्यात तोंडातोंडी आणि अंगाअंगाने चालत आलेली विद्या त्यांनी चित्रांसकट नोंदवली. वस्ताद गेला की त्याचे डावही गेले, ही आपली जुनी हानी आहे, आणि मुजुमदारांनी तिच्यावर उपाय केला. इतकं मोठं काम आपल्या भाषेत झालेलं असताना खेळाचं पुस्तक हे दुय्यम साधन आहे असं आपण अजून मानतो, याची मला खंत आहे.

प्रशिक्षकाची एक जागा पुस्तक भरू शकत नाही, हे मान्य. स्वतःच्या शरीराची जाणीव फसवी असते. हात छातीसमोर आहेत असं मनापासून वाटतं, तेव्हा ते प्रत्यक्षात पाठीमागे गेलेले असतात. बाहेरचा डोळा लागतोच. 1957 सालच्या वाचकाकडे तो नव्हता, आज तो खिशात आहे. मोबाइल कमरेच्या उंचीवर, नेमाच्या रेषेत मागे ठेवून संथ गतीत चित्रण केलं की होगनची तिरपी काच आपल्या हातांवर बसते की नाही, ते तिथल्या तिथे दिसतं. त्याच चित्रणात हेही तपासावं, की उजवं पाऊल होगन सांगतो तसं नेमाच्या रेषेला काटकोनात ठेवल्यावर आपली कंबर मागे पुरेशी वळते का. दिवसभर गादीवर किंवा खुर्चीत बसून काम केलेल्या पन्नाशीच्या माणसाची बहुधा वळत नाही. त्याने ते पाऊल थोडं बाहेर वळवावं आणि पकडीत डावा हात एक बोटभर उजवीकडे न्यावा. धड्यांचा क्रम, जोर कुठल्या बोटांत ठेवायचा ते आणि काचेचं चित्र मात्र आहे तसंच ठेवावं.