हिशेब न करता कळणारं

जरा निवांत बसा. डोळे मिटू नका, कारण आजचं मनन बघण्याबद्दलच आहे.

भाजीवाल्या मावशी आठवा. सुटे पैसे परत द्यायला त्यांचा हात पुढे येतो आणि तुमचा तळवा आपसूक पसरतो. त्यांच्या मनात काय असेल, याचा हिशेब तुम्ही केलेला नसतो. फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती यांनी १९४५च्या ग्रंथात हेच मांडलं: दुसऱ्याचा राग त्याच्या कपाळामागे दडलेला नसतो, कपाळावरच्या आठीतच तो आपल्याला दिसतो. तर्क लढवायची वेळ येते ती गाडं अडल्यावर.

आता थोडं थांबा. हे गाडं रोज, प्रत्येक माणसापाशी अडत असेल तर?

जर्मन मनोविकारतज्ज्ञ वोल्फगांग ब्लांकेनबुर्ग यांच्या १९७१च्या पुस्तकात स्किझोफ्रेनिया असलेली आने नावाची तरुण रुग्ण आहे. स्किझोफ्रेनिया म्हटलं की आपल्याला कानात बोलणारे आवाज आठवतात. तिच्याबाबतीत तसलं फारसं काही नव्हतं. तिची तक्रार वेगळीच होती. इतरांना न शिकवता येतं ते, अगदी क्षुल्लक पण ज्यावाचून जगता येत नाही असं काहीतरी, आपल्यापाशी नाही, असं ती सांगे. कुठे कसं वागायचं, लोक कशाला काय म्हणतील, हे तिला मुद्दाम विचार करून ठरवावं लागे. बुद्धी शाबूत होती. किंबहुना सगळा भार बुद्धीवरच येऊन पडला होता.

मार्गरीत सेशेए यांनी प्रसिद्ध केलेल्या, हाच आजार असलेल्या रने या मुलीच्या आत्मकथनात मैत्रीण भेटायला येते. रनेला तिचे दात दिसतात, नाक दिसतं, गाल दिसतात, सगळे सुटे सुटे. ही कोण, हेही कळतं. तरी मैत्रीण काही भेटत नाही. या प्रसंगापाशी जरा रेंगाळा. जवळच्या कुणाचं तरी हसू डोळ्यांसमोर आणा आणि त्यातले नुसते ओठ आणि दात बघायचा प्रयत्न करा. नाही जमत ना? हसू मध्ये येतंच.

या आजारात कधी याच्या उलटही होतं. बसमधल्या अनोळखी माणसाचा खोकलासुद्धा आपल्यालाच उद्देशून वाटतो. कुठे अर्थ आटतो, कुठे उतू जातो.

मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रिथ यांनी १९९२मध्ये स्किझोफ्रेनियाच्या काही लक्षणांचं मूळ इतरांच्या मनाचा अंदाज बांधण्यातल्या बिघाडात शोधलं. ते उपयोगी आहेच. पण मला वाटतं, अंदाज ही नंतरची पायरी. त्याआधी पायाखालची जमीन हलते, ती इतरांचं मन ओळखता येतं का हे बघायला गोष्टी सांगून घेतलेल्या चाचणीत सापडेलच असं नाही.

आता बघणं स्वतःकडे वळवा. मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९१३मध्ये अशा काही अनुभवांना समजण्यापलीकडचं ठरवलं होतं. घरात त्याचंच रूप म्हणजे आजारी माणसावर मारलेला ‘नाटकं करतोय’ हा शेरा. आपण त्याच्या चेहऱ्यावर काही वाचू शकत नाही, तेव्हा आपलंही गाडं अडलेलंच असतं, फक्त आपल्याला त्याची सवय नसते.

असं कुणी तुमच्या घरात असेल, तर एक वाक्य मनात जुळवून ठेवा: ‘मी चिडलेली नाही, डोकं दुखतंय म्हणून गप्प आहे.’ एरवी हे सांगावं लागत नाही. इथे सांगून बघा. प्रतिसादाला वेळ लागला तर तेच पुन्हा मोठ्याने सांगू नका. तिकडे हिशेब चालू असेल.