दोन मतांचं बळ

हे पांडुरंगा, आज दूरदेशीच्या एका माणसाची आठवण तुझ्या पायाशी ठेवतो. फिन गुस्ताव्सेन, जन्म 1926, गाव नॉर्वेतलं द्रामेन. तो सत्तेवरच्या मजूर पक्षातलाच, पण नाटोला आणि अण्वस्त्रांना त्याचा विरोध. 'ओरिएन्तेरिंग' या साप्ताहिकातून तो हे लिहीत राहिला, पुढे त्याचा संपादक झाला. 1961 मध्ये पक्षाने 'ओरिएन्तेरिंग'च्या मंडळींना बाहेरचा रस्ता दाखवला. त्यांनी समाजवादी जनता पक्ष काढला आणि त्याच वर्षी संसदेत दोन जागा जिंकल्या.

खरी कसोटी पुढेच होती, देवा. 5 नोव्हेंबर 1962 रोजी स्वालबार बेटांवर, न्यू-ओलेसुंदच्या सरकारी कोळसा खाणीत स्फोट झाला. 21 कामगार गेले. 1948, 1952, 1953 या सालांतही याच ठिकाणी माणसं मेली होती. चौकशीत सुरक्षेतली हयगय उघड झाली. सरकार कामगारांच्या नावाने चालणारं. संसदेत त्याचे 74, उजव्या विरोधकांचेही 74. निकाल गुस्ताव्सेन आणि त्याचा सहकारी आस्बियर्न होल्म यांच्या हाती होता. ऑगस्ट 1963 मध्ये दोघांनी अविश्वासाच्या बाजूने मत दिलं आणि मजूर पक्षाचं गेरहार्डसेन सरकार पडलं. महिनाभरात उजव्यांचं सरकारही त्यांच्याच मतांनी गेलं. दोन्ही खेपेला त्यांच्या वाट्याला मंत्रिपद आलं नाही.

दयाघना, त्या 21 जणांना तुझ्या कुशीत घे. त्यांतले काही अजून त्या गोठलेल्या डोंगराच्या पोटातच आहेत. खाण बंद झाली. आता त्या गावात संशोधन केंद्रं आहेत, आमच्या देशाचं 'हिमाद्री'ही आहे. तिथे राबणाऱ्या सगळ्यांना सुखरूप ठेव. 2005 मध्ये तुझ्याकडे आलेल्या फिनला जवळ कर.

आणि आमच्याकडे बघ, विठ्ठला. खुर्चीवर आपला माणूस बसला की आमची जीभ जड होते. गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मेला, तरी 'आत्ता बोललो तर विरोधकांचं फावेल' म्हणून आम्ही गप्प राहतो. ही दुर्बुद्धी आमच्यातून काढून टाक. परक्यांवर कोरडे ओढायला हिंमत लागत नाही. आपल्यांना जाब विचारायची हिंमत दे. मत देण्याआधी मेलेल्यांची नावं एकदा वाचायची सवय लाव. आम्ही दोघेच उरलो, तरी आमची लेखणी आणि आमचं मत यांच्यात फारकत होऊ देऊ नकोस. लिहिलेल्या शब्दाला जागण्याचं बळ दे.