उरलेल्याचं दान

ज्याला दानशूर म्हणून नाव मिळवायचं असेल त्यानं निशिगंध लावावा. बिचाऱ्या कर्णाला त्यासाठी कवचकुंडलं उतरवावी लागली. आपलं दोन-तीन वर्षांत एका वाफ्यावर भागतं.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. कुणी त्याला गुलछडी म्हणतं. आमच्या भंडाऱ्याकडे हिंदीचा शेजार, म्हणून रजनीगंधाही म्हणतात. एप्रिल-मेमध्ये कंद पाच-सहा सेंटीमीटर खोल, वीतभर अंतरानं लावावा. तीनेक महिन्यांत दांडा वर येतो आणि भाद्रपद-आश्विनात कळ्या खालून वर उमलत जातात. एकेरी फूल वासाला, दुहेरी फुलदाणीला. पंचाईत एकच. आमचा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा. धानाला बांधीत पाणी साचलेलं हवं, आणि हा कंद साचल्या पाण्यात कुजतो. म्हणून त्याला उंच गादीवाफा करून द्यायचा. शेजारी धान गुडघाभर चिखलात उभं, आणि हे महाराज गादीवर!

एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. पण त्याच्या भोवती पिल्लं धरतात आणि पुढचा बहर त्यांचा. दोन-तीन वर्षांत वाफ्यात इतकी दाटी होते की फुलं रोडावतात. मग पानं पिवळी पडल्यावर कंद उपटायचे, सावलीत सुकवायचे, सुटे करून नव्यानं लावायचे. एवढं करून टोपलीभर उरतातच. औदार्य सुरू होतं ते इथून.

आमच्या आळीतले एक काका दर खेपेला घरोघर कंद वाटतात. लोक म्हणतात, "काका, मन मोठं तुमचं!" काका लाजतात. आता मला सांगा, जे ठेवलं तर आपलीच फुलं कमी होतात, ते दुसऱ्याला देणं हे दान की साफसफाई?

पण एवढं कडक होऊन चालणार नाही. उरलेलं देणं हे दान नव्हे असं ठरवलं, तर गावातलं ताक, लोणचं आणि लिंबं जागच्या जागी नासतील. घेणाऱ्याला सुगंधाशी मतलब, देणाऱ्याच्या हेतूशी नाही.

तरी एक गोष्ट राहतेच. काका मोठे कंद स्वतःला ठेवतात आणि हरभऱ्याएवढे वाटतात. एवढ्याशा कंदाला त्या वर्षी फूल येत नाही. आधी तो पोसावा लागतो. हे काका सांगत नाहीत. त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईनं पावसाळाभर राखण केली आणि दसऱ्याला म्हणाली, "माज्या हातालेच गुन नाही." उरलेलं दिलं म्हणून काही बिघडलं नव्हतं. पण काकांनी एक वाक्य राखून ठेवलं आणि त्याचा दोष तिनं आपल्या हाताला लावून घेतला.

मी काकांना म्हटलं, "दहा लहानांत एखादा मोठा घालत जा. निदान थांबावं लागेल एवढं तरी सांगा."

काका म्हणाले, "अरे, मोठे देऊन टाकले तं मी काय लावू?"

सांगण्याला कंद लागत नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला बहुधा आणखी एक बहर जावा लागेल.