गोष्टीतला ‘हं’

रात्री अंथरुणावर गोष्ट सांगणाऱ्या आजीची अट एकच असायची: मधे मधे ‘हं’ म्हणायचं. एक होता राजा. हं. त्याला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. हं. हा ‘हं’ विरळ होत गेला की आजी थांबून विचारायची, ‘झोपलास का रे?’ उत्तर आलं नाही की राजा, राण्या, राक्षस सगळे जिथल्या तिथे थांबत. उरलेली गोष्ट भिंतीला सांगण्यात आजीला काही स्वारस्य नसे.

या हुंकाराला आपल्याकडे मोठा मान आहे. शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा त्याच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहिराचा दम आणि प्रसंगाची चढण त्यांच्या झिलेवर तोलली जाते. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी असतात आणि समोरच्या माना डोलायच्या थांबल्या, तर कसलेला कीर्तनकार तिथल्या तिथे दृष्टान्त बदलतो. ज्ञानदेवांनी तर ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीच श्रोत्यांकडे अवधान मागितलं आहे. सांगणाऱ्याने ऐकणाऱ्यापुढे हात पसरावा, इतकं त्या अवधानाचं मोल त्यांना वाटत होतं.

हे नुसतं भक्तीचं किंवा लोककलेचं निरीक्षण नाही. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बॅव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रयोगात पकडलं आणि २००० साली प्रसिद्ध केलं. एकाने दुसऱ्याला आपल्यावर आलेल्या एखाद्या थोडक्यात निभावलेल्या प्रसंगाची हकिगत सांगायची, असा तो प्रयोग होता. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप एक वेगळंच काम दिलं होतं: सांगणाऱ्याच्या तोंडी इंग्रजी ‘टी’ अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. म्हणजे शब्द तर कान देऊन ऐकायचे, पण गोष्ट ऐकायची नाही. या ऐकणाऱ्यांचे हुंकार कमी झालेच, शिवाय ‘अरे बापरे’, दचकून श्वास रोखणं, चेहरा कसनुसा करणं हे त्या त्या वळणावरचे प्रतिसाद जवळजवळ नाहीसे झाले. खरी गंमत पुढे आहे. बिघडली ती सांगणाऱ्याची गोष्ट. प्रसंग स्वतःचा, आठवण पक्की, तरीही ऐन शेवटाला लोक अडखळू लागले. कुणी शेवट गुंडाळला, कुणी तोच शेवट पुन्हा पुन्हा सांगितला, तर कुणी प्रसंग कसा खरोखरच बाका होता, हे पटवून देत बसलं.

‘याला धड बोलताच येत नाही’ असा शेरा घराघरांत आणि कचेऱ्यांत रोज मारला जातो. तो मारण्याआधी या प्रयोगाची आठवण व्हायला हवी. त्या माणसाच्या समोर कोण बसलं होतं? आणि ते काय मोजत होतं?

शाळेत वक्तृत्व स्पर्धा असते, ढाल असते, प्रशस्तिपत्रक असतं. शहरातल्या प्रत्येक पेठेत ‘स्टेज डेअरिंग’ शिकवणाऱ्या वर्गाची पाटी दिसते. त्यात चूक काही नाही. चारचौघांत उभं राहताना पाय लटपटणाऱ्या मुलीला तिथे धीर मिळत असेल, तर ती फी सार्थकी लागली. पण दिवसभरातलं आपलं बोलणं व्यासपीठावर होतच नाही. ते जिन्यात होतं, फोनवर होतं, साहेबांच्या टेबलापाशी उभ्या उभ्या होतं, भाजी निवडताना होतं. तिथे अध्यक्ष महाशय नसतात आणि समोरचा माणूस पाचव्या सेकंदाला तोंड उघडणार असतो.

तो इतक्या लवकर तोंड का उघडतो, यालाही कारण आहे. जपानी आणि डॅनिशपासून जगातल्या अगदी छोट्या समाजांच्या भाषांपर्यंत दहा भाषांमधल्या गप्पांची मोजणी २००९ साली प्रसिद्ध झाली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग निघालं. भाषेनुसार ते थोडं मागेपुढे होतं, पण फार नाही. आता एखाद्या वस्तूचं चित्र पाहून तिचं नुसतं नाव उच्चारायलाही माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. हिशेब उघड आहे: समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण आपल्या उत्तराची जुळवाजुळव सुरू केलेली असते. हा कुणाचा उर्मटपणा नव्हे, गप्पा वाहत्या राहतात त्या यामुळेच. मात्र याच सवयीपायी वाक्याच्या शेवटी येणारी गोष्ट आपल्या हातून निसटते. त्यात मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. ‘मला ते काम जमलं…’ इतकं ऐकून ज्याने मान डोलावली, त्याचं ‘नाही’ हुकलं.

डॉक्टरांच्या खोलीत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या ७४ भेटींच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘काय होतंय?’ असं विचारल्यावर रुग्णाला सरासरी १८ सेकंद मिळाले. मग डॉक्टर मधे बोलले. आपलं म्हणणं पुरतं मांडता आलं ते चौघांतल्या जेमतेम एकाला. डॉक्टरांची अडचण खोटी नसते. बाहेर बाकावर पंचवीस जण बसलेले असतात आणि याला बोलू दिलं तर दुपार होईल, अशी धास्ती असते. ही धास्ती किती खरी, ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनी पाहिलं. त्यांनी ३३५ रुग्णांना न अडवता बोलू दिलं. २००२ साली आलेले आकडे असे: सरासरी ९२ सेकंदांत रुग्ण आपणहून थांबले, दर दहांतले जवळजवळ आठ जण दोन मिनिटांच्या आत, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलले ते फक्त सात.

दीड मिनिट! अर्थात जिथे डॉक्टर एका रुग्णाला एकूणच दोन-तीन मिनिटं देऊ शकतो, तिथे दीड मिनिटही चैन वाटते, आणि आपल्या बहुतेक दवाखान्यांची गोष्ट तीच आहे. पण जे ऐकलं जात नाही ते नाहीसं होत नाही. गुडघा दुखतो म्हणून आलेली बाई कागद पर्समध्ये ठेवते, दाराच्या कडीला हात लावते आणि वळून म्हणते, ‘डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं.’ छातीत भरून येतं, रात्र रात्र झोप लागत नाही, घरात काही बरं चाललेलं नाही. मोठं दुखणं पुष्कळदा असं दाराशी बाहेर पडतं, कारण आत ते बोलायला जागाच झालेली नसते.

ऐकणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे विमानवाल्यांनी फार मोठी किंमत मोजून शिकून घेतलं. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, दाट धुक्यात, दोन जम्बो विमानं एकाच धावपट्टीवर होती. डच विमानाच्या वैमानिकाला उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. त्याच्या सहकाऱ्याने रेडिओवर जे सांगितलं ते नियंत्रण मनोऱ्याला ‘उड्डाणाला तयार आहोत’ असं वाटलं. मनोऱ्याचं ‘ओके’ पोहोचलं, पुढचं ‘थांबा’ मात्र दुसऱ्या विमानाच्या संदेशात मिसळून कर्कश आवाजात बुडालं. डच विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, की ते दुसरं विमान पट्टीवरून बाजूला झालंय ना? कॅप्टनने ठामपणे ‘हो’ म्हटलं. विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा, असा दंडक आला. नुसत्या ‘ओके’वर भागवायचं नाही, महत्त्वाची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची, यावर भर आला. कनिष्ठाची शंका वरिष्ठाने कशी ऐकावी, याचं रीतसर प्रशिक्षण वैमानिकांना मिळू लागलं.

पण परत म्हणून दाखवणंही दरवेळी पुरत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीच्या पश्चिमेला, हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली आणि ३४९ जणांचा मृत्यू झाला. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायचं होतं, सौदी विमान १४ हजारांवर होतं. कझाक विमानात मनोऱ्याशी इंग्रजीत बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरचं होतं आणि त्याच्यासमोर उंची दाखवणारं स्वतंत्र यंत्रच नव्हतं. त्याने संदेश घेतला, पोचही दिली, पण विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरत गेलं. ज्याच्या कानावर शब्द पडत होते आणि ज्याच्या हातात विमान होतं, ते दोघे वेगळे होते. ज्या कचेरीत बैठकीला एक जण जातो आणि काम दुसऱ्याच्या टेबलावर येऊन पडतं, तिथे रचना हीच असते. फक्त टक्कर लागल्याचं महिनाभराने कळतं.

कामाच्या ठिकाणच्या मराठीत काही शब्द फार निसरडे आहेत. ‘बघतो.’ ‘होऊन जाईल.’ ‘करू की.’ यांतला ‘बघतो’ कुणाच्या तोंडी होकार असतो, कुणाच्या तोंडी सौम्य नकार, तर कुणाच्या तोंडी ‘आत्ता इथून जा’. बोलणाऱ्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ते वापरले जातात, आणि त्यामागे माणुसकीच असते. पण त्यावर ‘म्हणजे सोमवारी दुपारपर्यंत, सही-शिक्क्यासह, दोन प्रती, बरोबर?’ एवढं विचारणारा माणूस आगाऊ नसतो. मिसळीच्या हॉटेलातला पोऱ्या रोज हेच करतो: ‘दोन मिसळ, एक कमी तिखट, तर्री वेगळी, पाव जास्तीचे.’ त्याला कुणी संभाषणकौशल्य शिकवलेलं नाही. चुकीची प्लेट परत न्यावी लागली की काय होतं, ते त्याला ठाऊक आहे. डॉक्टरनेही ‘समजलं ना?’ असं विचारण्याऐवजी ‘घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, सांगा बघू’ असं विचारलं, तर घोळ तिथेच उघडा पडतो. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ याशिवाय उत्तर देण्याची रीत नाही.

घरात मात्र अशी उलटतपासणी चालत नाही. मराठी घरातल्या जेवणाच्या पानावर चार जण एकाच वेळी बोलतात, एकमेकांची वाक्यं पूर्ण करतात, आणि त्यात अपमान कुणालाच वाटत नाही. भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या एका सणाच्या जेवणातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून दाखवून दिलं, की काहींच्या लेखी मधे बोलणं म्हणजे आपुलकी आणि उत्साह, तर काहींच्या लेखी तोच धसमुसळेपणा असतो. तेव्हा मधे बोलणं वाईट, असा सरसकट नियम करता येत नाही. मधे काय बोललं जातं, ते पाहावं लागतं.

मुलगी कामावरून येते आणि चपला काढता काढता म्हणते, ‘आज साहेब जरा विचित्रच बोलले.’ बाबा लगेच सांगतात, ‘एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं.’ आई म्हणते, ‘आमच्या वेळी तर…’ दोघांचीही माया खरी असते. दोघांनीही तिची गोष्ट पहिल्याच वाक्यावर मिटवलेली असते. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ साली शेकडो संभाषणं तपासली. समोरच्याच्या बोलण्यातलाच धागा पकडून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना अधिक आवडतात, असं त्यांना आढळलं. मराठीकडे यासाठी दोन अक्षरी शब्द आहे: ‘मग?’ आजी गोष्ट सांगत असताना, ‘हं’ म्हणून पुरेनासं झालं की मुलं उठून बसत आणि हेच विचारत.

फोनवर मान डोलावलेली दिसत नाही, डोळे विस्फारलेले दिसत नाहीत. तिथे सगळा भार त्या एका ‘हं’वर येतो. गावाकडून आई फोनवर काहीतरी सांगत असते, बंबाचं, शेजारच्या सुनेचं, दुखऱ्या दाढेचं. इकडे मुलगा लॅपटॉपवर मेल वाचत असतो. रेंज चांगली असते, आवाज लख्ख असतो. चार-पाच सेकंद जातात आणि पलीकडून विचारणा होते, ‘हॅलो? आहेस ना रे?’