नाबोथाचा मळा आणि हरवलेली मैदाने

वाचकहो, नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. इज्रेलात अहाब राजाच्या वाड्यालगत नाबोथाचा मळा होता. राजाला भाजीपाल्यासाठी ती जागा हवी होती. त्याची पहिली मागणी अन्यायाची नव्हती, हे आपण बहुधा विसरतो. त्याने बदल्यात अधिक चांगला मळा देऊ केला, नाहीतर रोख किंमत देऊ केली. तरीही नाबोथाने नकार दिला, कारण त्याच्या लेखी ती केवळ जमीन नव्हती, वाडवडिलांचे वतन होते. पुढे ईजबेलीने कपट रचले आणि नाबोथाचा बळी गेला. त्या रक्तपातामुळे आपले सारे लक्ष अपराधाकडे वळते आणि आधीचा प्रश्न तसाच राहून जातो. खून झालाच नसता आणि रास्त किंमत घेऊन मळा विकला गेला असता, तर काही चुकले असते काय? आणि समजा, मळा कागदोपत्री एकाच्याच नावावर आहे, परंतु शंभर जणांचा जीव त्यात गुंतलेला आहे. तर त्या एकाने कोणाला विचारावे?

हा प्रश्न मी आज एका दूरच्या देशातील, वरवर पाहता क्षुल्लक वाटणाऱ्या उदाहरणांवरून आपल्यापुढे मांडणार आहे. आयर्लंडमध्ये फुटबॉलच्या अनेक जुन्या क्लबांचे आज केवळ नाव उरले आहे. कॉर्क शहरातील फोर्ड कारखान्याच्या कामगारांचा ‘फोर्डसन्स’ हा संघ १९२६ साली आयर्लंडचा चषक जिंकला होता; आज तो नाही. त्याच शहरातील ‘कॉर्क हायबर्नियन्स’ १९७१ साली लीगचा विजेता ठरला आणि अवघ्या पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, लीगमधून बाहेर पडला. त्याच्या ‘फ्लॉवर लॉज’ या मैदानावर आता गेलिक खेळ खेळले जातात. डब्लिनचा ‘ड्रमकॉन्ड्रा’ १९७२ साली दुसऱ्या क्लबात विलीन झाला. संस्था जन्मतात आणि मरतात. त्यात नवल नाही. परंतु काही मृत्यू असे असतात की त्यांच्यापाशी थांबून विचार करावा लागतो.

पहिले उदाहरण बेलफास्टचे. १८९१ साली तेथे ‘बेलफास्ट सेल्टिक’ची स्थापना झाली. त्याचे पाठीराखे प्रामुख्याने पश्चिम बेलफास्टमधील कॅथलिक होते. संघ मात्र सर्वांना खुला होता. १९३४ पासून अखेरपर्यंत संघाची धुरा वाहणारे एलिशा स्कॉट स्वतः प्रॉटेस्टंट होते, आणि कित्येक खेळाडूही प्रॉटेस्टंट होते. देशाची फाळणी होऊन गेली होती. रस्ते, शाळा, वस्त्या पंथाप्रमाणे वाटल्या गेल्या होत्या. अशा शहरात दोन्ही पंथांची माणसे एकाच रंगाचा सदरा घालून एकमेकांकडे चेंडू देत होती. ही गोष्ट लहान असेल, पण तिचे मोल लहान नव्हते. या क्लबाने १४ वेळा लीग जिंकली. लोक त्याच्या मैदानाला ‘पॅराडाइस’, म्हणजे नंदनवन, म्हणत.

२७ डिसेंबर १९४८. नाताळ होऊन दोनच दिवस झाले होते. प्रतिस्पर्धी ‘लिनफिल्ड’च्या विंडसर पार्क मैदानावर सामना होता. खेळता खेळता सेल्टिकचा तरुण खेळाडू जिमी जोन्स आणि लिनफिल्डचा बॉब ब्रायसन यांची टक्कर झाली आणि ब्रायसनचे हाड मोडले. मध्यंतरात ही बातमी ध्वनिक्षेपकावरून जाहीर झाली आणि प्रेक्षकांचा क्षोभ वाढत गेला. सामना एक-एक असा बरोबरीत सुटताच जमाव मैदानात घुसला. जोन्सला कठड्यापलीकडे ओढून नेऊन बेदम मारण्यात आले. त्याचा पाय मोडला. हा जोन्स प्रॉटेस्टंट होता. ज्यांनी त्याला मारले ते त्याच्याच पंथाचे म्हणविणारे होते. द्वेष एकदा पेटला की तो आपले-परके ओळखत नाही, याचा याहून कडू दाखला कोणता?

संचालकांनी क्लब लीगमधून काढून घेण्याचा निर्णय घेतला. १९४८-४९ चा हंगाम संपताच बेलफास्ट सेल्टिकने मैदान सोडले. त्यानंतरच्या अमेरिकेच्या दौऱ्यात, २९ मे १९४९ रोजी न्यूयॉर्क येथे, या संघाने स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाला २-० असे हरविले. म्हणजे तो मेला तेव्हा दुबळा नव्हता. पूर्वी १९२० मध्येही दंगलींमुळे क्लबाने असेच अंग काढून घेतले होते आणि १९२४ साली तो परतला होता. त्यामुळे पुष्कळांना वाटले, याही वेळी परतेल. तो लीगमध्ये परतला नाही. मैदानावर १९२७ पासून चालू असलेल्या कुत्र्यांच्या शर्यती मात्र १९८३ पर्यंत चालू राहिल्या. त्यानंतर तेथे बाजारसंकुल उभे राहिले.

वाचकहो, या संचालकांना आपण दोषी ठरवावे काय? मला तसे सहजासहजी म्हणवत नाही. वीस वर्षांच्या मुलाला मैदानात पाठवून त्याचा पाय मोडून आणण्याचा अधिकार कोणत्याही परंपरेला नाही. पाठीराख्यांच्या प्रेमाची किंमत खेळाडूच्या देहाने चुकती करावी, असे म्हणणारा माणूस त्या प्रेमाला मूर्तिपूजेच्या पायरीवर नेऊन ठेवतो. अन्यायापुढे ‘आम्ही तुमच्याबरोबर यापुढे खेळणार नाही’ असे म्हणणे ही भ्याडपणाची नव्हे, तर स्वाभिमानाची गोष्ट असू शकते.

परंतु माघार घेणे वेगळे आणि विसर्जन करणे वेगळे. माघारीत परतीची वाट शिल्लक असते. शिवाय हा निर्णय मूठभर माणसांनी घेतला. ज्या हजारो लोकांच्या आठवड्याला त्या क्लबामुळे आकार होता, त्यांना कोणी विचारले नाही. कायद्याने विचारण्याचे बंधन नव्हते, हे खरे. तथापि आपल्या शास्त्रात एक शब्द आहे, ‘कारभारी’. कारभाऱ्याच्या हाती सारे काही असते. तो देतो, घेतो, ठरवितो. पण त्याला हिशेब द्यावा लागतो. संचालक स्वतःला मालक समजले, कारभारी समजले नाहीत. माझ्या मते चूक असलीच तर एवढीच, आणि ती लहान नाही. शिवाय त्या शहरातून जे नाहीसे झाले ते फक्त एका पंथाचे करमणुकीचे साधन नव्हते. दोन पंथांना एकत्र घाम गाळता येई अशी एक दुर्मिळ जागा गेली.

दुसरे उदाहरण डब्लिनमधील मिलटाउनचे. येथे दंगल नव्हती, येथे हिशेबाची वही होती. ‘शॅमरॉक रोव्हर्स’ हा क्लब १९२६ पासून ‘ग्लेनमॅल्युअर पार्क’ येथे खेळत असे. जमीन मूळची जेझुइट संघाची, क्लबाकडे ती भाडेपट्ट्याने होती. १९८४ ते १९८७ अशी सलग चार वर्षे रोव्हर्सने लीग जिंकली, आणि याच १९८७ साली क्लबाच्या मालकांनी मैदान सोडून दुसऱ्याच्या मैदानावर जाण्याचे जाहीर केले. जमीन त्यांनी जेझुइटांकडून विकत घेतली होती; ती पुढे बांधकाम व्यावसायिकाला विकली गेली. १२ एप्रिल १९८७ रोजी स्लायगो रोव्हर्सविरुद्ध तेथे शेवटचा सामना झाला. पाठीराख्यांनी चळवळ उभारली, निधी जमविला, नव्या मैदानावरील सामन्यांवर बहिष्कार घातला. मैदान वाचले नाही. तेथे घरे उभी राहिली.

येथे मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणत, क्लब तोट्यात आहे. प्रेक्षक येत नाहीत. तोटा आम्ही सोसायचा आणि भावना तुम्ही जपायच्या, हा कोणता न्याय? हा आक्षेप खोटा नाही. त्या काळी आयर्लंडमधील मैदानांवर गर्दी ओसरत चालली होती, विजेत्या संघाच्या मैदानावरही जागा रिकाम्या राहत. शेवटच्या दिवशी ज्यांचे डोळे ओले झाले, त्यांपैकी किती जण आदल्या हंगामात पावसात येऊन उभे राहिले होते? प्रिय वाचकहो, हा प्रश्न मिलटाउनच्या लोकांना विचारताना आपला आवाज थोडा खाली यावा. ज्या गोष्टीसाठी आपण काहीच देत नाही ती गेल्यावर रडण्याचा हक्क आपल्याला असतो; पण ती विकणाऱ्याला शिव्याशाप देण्याचा हक्क असतो काय, याची मला शंका आहे.

तरीही मालकांच्या युक्तिवादात एक पोकळी आहे. तोटा हे विकण्याचे कारण असू शकते. गुपचूप विकण्याचे कारण असू शकत नाही. मैदानाची जी किंमत त्यांना मिळाली ती केवळ मातीची होती काय? साठ वर्षे बापांनी मुलांचा हात धरून तेथे आणले, म्हणून ती माती ‘मिलटाउन’ झाली. त्या साठ वर्षांचा भाव कोणत्याही खरेदीखतात लिहिलेला नसतो, म्हणून तो शून्य ठरत नाही. ज्याचे मोल अनेकांनी वाढविले, ते मोडण्याआधी त्या अनेकांना ते सांभाळण्याची खरीखुरी संधी देणे हे न्यायाला धरून आहे. आधी सांगावे, मुदत द्यावी, मग वाटल्यास विकावे. अहाबाने निदान समोर येऊन मागितले होते.

आता तिसरे उदाहरण पाहा. उत्तर आयर्लंडमधील ‘डेरी सिटी’ हा क्लब अशाच अशांततेमुळे अडचणीत आला. १९७१ साली त्यांच्या मैदानाबाहेर पाहुण्या संघाची बस जाळण्यात आली. तेथे सामने खेळविण्यास बंदी आली. घरचे सामने तीस मैलांवर परक्या गावी खेळून क्लब थकला आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये त्याने लीग सोडली. सेल्टिकसारखाच शेवट व्हायचा. पण ब्रँडीवेल हे त्याचे मैदान नगरपालिकेचे होते. ते कोणाला विकता येण्यासारखे नव्हते. आणि क्लबाच्या माणसांनी क्लब बंद केला नाही. तेरा वर्षे ते स्थानिक, हौशी सामन्यांत खेळत राहिले. १९८५ साली सीमेपलीकडील लीगने त्यांना प्रवेश दिला आणि १९८९ साली त्यांनी लीग, चषक आणि लीग-चषक असे तिन्ही जिंकले. हे यश नसते मिळाले तरी त्या तेरा वर्षांचा अर्थ कमी झाला नसता. ज्याला विझू द्यायचे नाही अशा निखाऱ्यावर राख घालून ठेवतात. पाणी ओतत नाहीत.

रोव्हर्सचेही पुढे असेच झाले. बावीस वर्षे तो क्लब उसन्या मैदानांवर भटकला. २००५ साली कर्जात बुडालेला क्लब पाठीराख्यांनीच आपल्या हाती घेतला, दरमहा वर्गणी देऊन. १३ मार्च २००९ रोजी टॅलाट येथे, स्थानिक कौन्सिलच्या मालकीच्या नव्या मैदानावर, ते पहिला सामना खेळले. आणि योगायोग असा की समोर पुन्हा स्लायगो रोव्हर्सच होते. १९८७ मध्ये जे प्रेम केवळ आक्रोश करीत होते, ते आता वर्गणीची पावती फाडू लागले होते. माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे उत्तर या बदलात आहे. प्रेमाने हक्क मागावा, पण त्याआधी ओझे उचलावे. आणि ज्याच्या हाती कागद आहे त्याने स्वतःला कारभारी समजावे.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. जागेवरील प्रेम नेहमीच निर्दोष नसते. विंडसर पार्कवर जोन्सचा पाय मोडणाऱ्यांनाही आपले मैदान, आपला रंग, आपला पंथ प्राणप्रिय होता. जे प्रेम दुसऱ्याला उभे राहायला जागा देत नाही, त्याने कितीही जुन्या भिंती जपल्या तरी त्या भिंती वतन होत नाहीत. म्हणून एखादी जागा राखावी की नाही, हे ठरविताना ती किती जुनी आहे एवढेच पाहू नये; तेथे कोणकोण एकत्र येऊ शकत होते, हेही पाहावे.

वाचकहो, आपण कोठेही असा, नागपुरात, वसईत, इंदुरात किंवा बडोद्यात, आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीत एखादे मिशनचे आवार, शाळेचे पटांगण किंवा जुने वसतिगृह आहे. त्याचे कागद कोणाच्या तरी कपाटात आहेत. ते विकले जाण्याची बातमी आली की आपण कळवळतो, निषेधाची पत्रे लिहितो. लिहावीत. परंतु त्याआधीच्या शांत वर्षांत, जेव्हा कौले गळत होती आणि कुंपण पडले होते, तेव्हा आपण काय दिले? आणि ज्यांच्या हाती कागद आहेत त्यांनी स्वतःला विचारावे: आपण हा निर्णय मंडळीसमोर उभे राहून, कारणांसह, सांगू शकतो काय?

बेलफास्टच्या त्या बाजारसंकुलात आज बेलफास्ट सेल्टिकच्या आठवणींचे एक लहानसे संग्रहालय आहे. मिलटाउनच्या घरांपाशी पाठीराख्यांनी उभारलेले एक स्मारक आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण मैदान असते, तर स्मारकाची गरज पडली नसती.